साताऱ्याचा दरबार, पुण्याचा आश्रम आणि मुंबईचे बिशप

विल्यम क्विनलन लॅश १९४७ साली मुंबईचे अँग्लिकन बिशप झाले, तेव्हा त्यांचे वय बेचाळीस होते. त्यांच्याआधी या गादीवर बसलेले बहुतेक इंग्रज ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांतून, मोठ्या शहरांच्या चर्चमधून किंवा सरकारी चॅप्लेनच्या नोकरीतून आलेले होते. लॅशही केंब्रिजचेच, पण बिशप होण्यापूर्वी १९३४ पासून ते पुण्यातल्या एका आश्रमाचे ‘आचार्य’ होते. खादी, जमिनीवरची पंगत, मराठी भजने आणि फ्रान्सिस ऑफ असिसीचे दारिद्र्यव्रत अशा दिनक्रमातून आलेला माणूस त्या गादीवर प्रथमच बसत होता. ज्या संस्थेने त्यांना घडवले तिचा, म्हणजे ख्रिस्त सेवा संघाचा, इतिहास येथे सांगायचा आहे. संघाची स्थापना अहमदनगरची आणि भरभराट पुण्याची, त्यामुळे सातारा-सांगलीच्या स्मरणिकेत त्याचे काय काम, असे कोणी विचारील. माझ्या मते या संघाचे बी साताऱ्यात पेरले गेले, आणि ते पेरणारा माणूस अँग्लिकन नव्हता, इंग्रज तर नव्हताच.

थोडे मागे जावे लागेल. ईस्ट इंडिया कंपनीच्या १८३३ च्या सनदेनंतर मद्रास आणि मुंबई येथे बिशप नेमण्याचा मार्ग मोकळा झाला. १८३७ साली थॉमस कार हे मुंबईचे पहिले बिशप झाले. तोपर्यंत ते मुंबईचेच आर्चडीकन होते, म्हणजे मुलूख त्यांच्या ओळखीचा होता. कोटातले सेंट थॉमस चर्च त्यांच्या काळात कॅथीड्रल झाले. आपल्या भागाशी त्यांचा संबंध आला तो महाबळेश्वरामुळे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ मध्ये छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी करार करून महाबळेश्वर मिळवले होते, आणि उन्हाळा आला की सरकारचा सगळा लवाजमा वर येत असे. त्यांच्यासाठी १८४२ च्या सुमारास माल्कमपेठेत ख्राइस्ट चर्च उभे राहिले. त्याचा अभिषेक बिशप कार यांनी केला. गव्हर्नर, त्यांचे अधिकारी, सुट्टीवरचे लष्करी लोक आणि त्यांची कुटुंबे ही तिथली मंडळी. खाली कृष्णाकाठी नांदणाऱ्या माणसांसाठी ते बांधलेले नव्हते आणि तसा कोणी आवही आणला नाही.

याचा दोष एकट्या कार यांच्या माथी मारणे बरोबर नाही. बिशप आणि चॅप्लेन यांचा पगार सरकारी खजिन्यातून निघत असे. त्यासाठी सरकारचे वेगळे धर्मखाते होते. लष्करी छावण्यांतल्या गोऱ्यांची उपासना, लग्ने आणि दफने सांभाळणे हे या खात्याचे मुख्य काम. एतद्देशीयांमध्ये धर्मप्रसार करणाऱ्या मिशनरी संस्था निराळ्या. त्यांचा पैसा वर्गणीचा आणि त्यांची माणसेही वेगळी. बिशपची सही दोन्हीकडे लागत असे, पण त्याच्या अंगावर सरकारी शिक्का आधीच बसलेला असे. अँग्लिकन मिशनरी दख्खनेत पुष्कळ वर्षे राबूनही लोकांच्या तोंडी ‘साहेबाचा धर्म’ हेच नाव राहिले, ते यामुळे.

सातारा-सांगलीत तर अँग्लिकन आलेच उशिरा आणि थोडे. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकन मराठी मिशनने साताऱ्यात ठाणे घातले. ही माणसे काँग्रिगेशनल पंथाची, म्हणजे बिशप मुळीच न मानणारी. कोल्हापुरात रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये आले. त्यांचे काम १८७० मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले आणि तिथून सांगली-मिरजेपर्यंत पसरले. प्रेस्बिटेरियनांकडे वडिलांची सभा असते, बिशप नसतो. १८७० च्या सुमारास एस.पी.जी. हे अँग्लिकन मिशन कोल्हापुरात उतरले तेव्हा वाइल्डर चांगलेच संतापले. अठरा वर्षे आपण नांगरलेल्या शेतात हे पेरायला कसे आले, असा त्यांचा रोख होता. मिशनरी मंडळींतली ही भाऊबंदकी आज वाचताना हसू येते. पण तिच्यामुळे आपल्या भागातल्या ख्रिस्ती कुटुंबांचे पंथ ठरले. वाईच्या माणसाचा पंथ एक, मिरजेच्या माणसाचा दुसरा, आणि दोन्ही पंथांचा उगम समुद्रापार, त्यांनी कधी न पाहिलेल्या भांडणांत.

मिरजेला तर बिशपची उणीव भासण्याचे कारणच नव्हते. तिथे डॉ. विल्यम वॉनलेस होते. सांगलीत दवाखाना थाटून मग मिरजेला आलेल्या या कॅनेडियन शल्यविशारदाने १८९४ मध्ये रुग्णालय उघडले, १८९७ मध्ये वैद्यकीय शाळा काढली, आणि मिरज हे नाव साऱ्या दक्षिण महाराष्ट्रात ‘डोळ्याचे आणि पोटाचे ऑपरेशन’ याच अर्थी घेतले जाऊ लागले. एखाद्या धर्मपीठाला मिळावा तसला मान त्या आवाराला मिळाला. तो इतिहास स्वतंत्र लेखाचा आहे, म्हणून इथे एवढेच.

संघाचे बी पेरणारे नारायण वामन टिळक १९१७ मध्ये साताऱ्यात राहायला आले. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा चित्पावन कवी तोपर्यंत अहमदनगरात अमेरिकन मिशनचे काम करून, शिकवून, ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात लिहून थकला नव्हता, पण मिशनच्या चाकोरीला मात्र विटला होता. त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. ख्रिस्ताला गुरू मानणे एवढी एकच अट होती. पगारी उपदेशकाच्या जागी साधू आणि कीर्तनकार असावेत, विलायती चालींच्या गीतांऐवजी अभंग म्हणावेत, आणि वारकऱ्यांच्या फडासारखा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा राहावा अशी त्यांची कल्पना. घरात चार पैसे कुठून येणार याची फिकीर टिळकांनी कधी केली नाही. ती त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी केली. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्याला हे वेगळे सांगायला नको.

दरबार फार चालला नाही. टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले. संस्था म्हणून पाहिले तर साताऱ्यातला हा प्रयोग दोन वर्षांत आटोपला. त्याच वर्षी ऑक्टोबरात, सातारा जिल्ह्यातल्याच काले गावी, भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली आणि ती फोफावली. दरबाराला मात्र वारस मिळाला नाही. निदान साताऱ्यात तरी नाही.

वारस निघाला एक इंग्रज. जॅक विन्स्लो ईटन आणि ऑक्सफर्डमध्ये शिकलेले, एस.पी.जी. मिशनतर्फे १९१४ मध्ये इकडे आलेले. मिशनरी सी. एफ. अँड्र्यूज यांच्याबद्दल त्यांना विलक्षण ओढ होती, आणि बंगल्यात राहून गड्यामार्फत खेडे पाहणाऱ्या मिशनरी जीवनाचा त्यांना मनापासून वीट आला होता. टिळकांचे इंग्रजी चरित्र १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले ते याच विन्स्लोंनी लिहिलेले. त्याच्या आदल्याच वर्षी, ११ जून १९२२ रोजी, मोजक्या सोबत्यांना घेऊन त्यांनी अहमदनगरात ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला होता. चरित्र लिहिण्याचा आणि संघ उभारण्याचा काळ एकच असावा, हा योगायोग नाही असे मला वाटते. साधेपणा, हिंदी आणि युरोपीय यांनी एका छपराखाली एका ताटाने राहणे, भक्तिमार्गी उपासना, गावोगाव फिरणे: दरबारातले जवळजवळ सगळे इथे आहे. दोन गोष्टी बदलल्या. टिळकांना नियम सोसत नसत. संघाला नियमावली होती. आणि टिळकांच्या डोक्यावर बिशप नव्हता; संघाच्या डोक्यावर होता.

तो बिशप नसता तर संघही नसता. एडविन जेम्स पामर हे १९०८ ते १९२९ अशी एकवीस वर्षे मुंबईचे बिशप होते. ऑक्सफर्डच्या बॅलिअल कॉलेजातून आलेला हा विद्वान माणूस चर्चच्या अधिकाराबाबत कडवा असेल असाच कोणाचाही अंदाज झाला असता. प्रत्यक्षात पंथांच्या एकीसाठी त्यांच्याइतका खपलेला अँग्लिकन त्या काळी हिंदुस्थानात विरळाच. अँग्लिकन बिशपांच्या १९२० च्या लँबेथ परिषदेने सर्व ख्रिस्ती लोकांना एकीचे आवाहन केले, त्यामागे पामरांचा मोठा हात होता. दक्षिण हिंदुस्थानातल्या चर्च-ऐक्याच्या वाटाघाटींतही ते आघाडीवर राहिले. विन्स्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० मध्ये हिंदी पद्धतीच्या प्रभुभोजन-उपासनेची मागणी करणारे पुस्तक काढले. त्यात द. रा. आठवले या मराठी धर्मगुरूंचाही हात होता. पामरांनी त्या पुस्तकाला पाठिंबा दिला. सिरियन परंपरेतून घेतलेली, इकडच्या मनाला रुचेल अशी ही उपासना पुढे मर्यादित वापरासाठी मान्य झाली. एरवी ‘पाहू’ म्हणून कागद दाबून ठेवण्यात बिशपच्या कचेऱ्या काही कमी नव्हत्या.

१९२७ नंतर संघाचा मुक्काम पुण्याला हलला आणि शिवाजीनगरात आश्रम उभा राहिला. पुणे अँग्लिकनांना नवे नव्हते. ज्या पंचहौद मिशनच्या आवारात १८९० साली लोकमान्य, रानडे आणि इतरांनी घेतलेल्या चहा-बिस्किटांवरून ग्रामण्य पेटले, ते मिशन अँग्लिकनच. पण पंचहौदला पाहुण्यांसाठी टेबल-खुर्ची होती. आश्रमात सगळे जमिनीवर मांडी घालून जेवत आणि जेवण शाकाहारी असे. जिथे चहापायी प्रायश्चित्त घ्यावे लागले त्या पुण्यात चाळीसेक वर्षांनी गोरे साहेब खादी नेसून पंगतीला बसतात, हे लोकांनी कुतूहलाने पाहिले. पोलिसांनीही पाहिले, पण कुतूहलाने नव्हे.

१९२७ च्या अखेरीस इंग्लंडहून आलेल्या तरुणांच्या जथ्यात व्हेरिअर एल्विन होते. एल्विन गांधीजींकडे ओढले गेले. १९३१ मध्ये त्यांनी आणि विन्स्लोंनी मिळून हिंदी स्वातंत्र्याची बाजू मांडणारे पुस्तक लिहिले आणि त्याला प्रस्तावना होती यॉर्कचे आर्चबिशप विल्यम टेंपल यांची. कायदेभंगाच्या त्या दिवसांत आश्रम सरकारच्या डोळ्यांत सलू लागला नसता तरच नवल. शेवटी एल्विन संघ सोडून, संघातलेच मराठी सोबती शामराव हिवाळे यांच्यासह गोंडांमध्ये राहायला गेले. तिथे नागपूरचे बिशप अलेक्स वुड यांच्याशी त्यांचे बिनसले आणि त्यांची चर्चशी फारकत झाली. एकाच पंथाचे दोन बिशप, मुंबईचे पामर आणि नागपूरचे वुड; एकाने चौकट सैल केली, दुसऱ्याने ती आवळली. मिशनरी बिशप कसा असतो या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही ते यासाठी. वुड हे चांदा भागात वर्षानुवर्षे कष्ट केलेले मिशनरी होते हेही विसरता कामा नये.

संघातून माणसे बाहेर गेली तसा विचारही गेला. संघातले अल्जी रॉबर्टसन १९३० मध्ये प्रकृतीमुळे इंग्लंडला परतले आणि तिथल्या अँग्लिकन फ्रान्सिस्कन बंधूंच्या संघटनेला आकार देणाऱ्यांत त्यांची गणना झाली. एरवी धर्माची आयात विलायतेहून होत असे. ही निर्यात होती.

१९३४ मध्ये विन्स्लो इंग्लंडला परतले आणि त्याच वर्षी संघ दुभंगला. आजन्म ब्रह्मचर्य घेतलेल्यांना फ्रान्सिस्कन वळणाचे, कडक नियमांचे बंधुमंडळ हवे होते. बाकीच्यांना विवाहितांनाही सामावून घेणारा मोकळा संघ हवा होता. पहिल्यांनी ‘ख्रिस्त प्रेम सेवा संघ’ हे नाव घेऊन पुण्याचा आश्रम चालवला. दुसरे जुन्या नावानिशी औंधला गेले. हे औंध पुण्याजवळचे, पंतप्रतिनिधींचे आपले औंध नव्हे. सातारकर वाचकाचा घोटाळा होऊ नये म्हणून सांगितले. या फाटाफुटीकडे तत्त्वाचे भांडण म्हणून पाहता येते, पण मला त्यात एक साधी व्यवहाराची अडचण दिसते. ब्रह्मचारी इंग्रजाला मागे पाहायचे नसते. मराठी ख्रिस्ती तरुणाच्या मागे आईबाप, बहिणींची लग्ने आणि बहुधा जातीने आधीच तोडलेले घर असे. त्याने सगळे सोडून बंधू व्हावे, ही अपेक्षा करणे सोपे होते.

नव्या मंडळाचे आचार्य झाले लॅश. १९०५ चा जन्म, १९२८ मध्ये धर्मगुरूची दीक्षा, १९३२ मध्ये पुणे, आणि दोनच वर्षांत, एकोणतिसाव्या वर्षी, आचार्यपद. विन्स्लो कल्पनांचे धनी होते, एल्विन वादळाचे. लॅश यांच्या वाट्याला आले घर चालवणे. युद्धाची वर्षे, बेचाळीसचे आंदोलन, सातारा-सांगलीत पत्री सरकारची धामधूम, माणसांची आणि पैशाची चणचण अशा काळात त्यांनी आश्रम टिकवला. टिकवणाऱ्यांची चरित्रे लिहिली जात नाहीत. एल्विनवर इंग्रजीत जाडजूड ग्रंथ आहेत, लॅश तळटीपेत सापडतात.

१९४७ मध्ये रिचर्ड अॅकलंड यांच्यानंतर लॅश मुंबईचे बिशप झाले. १९३० पासून इथले चर्च इंग्लंडच्या सरकारी चर्चपासून कायद्याने वेगळे झाले होते; आता राज्यही गेले आणि धर्मखातेही गेले. गोऱ्या पलटणी निघून गेल्यावर छावण्यांतली चर्च ओस पडू लागली. वसाहतीचा सगळा डामडौल आवरून उरलेल्या हिंदी मंडळ्यांना सांभाळायचे, हे काम एखाद्या मानकरी बिशपला जड गेले असते. दारिद्र्याचे व्रत आधीच घेतलेल्या माणसाला ते तितके जड गेले नसावे. दोन वर्षे त्यांनी आचार्यपदही सोडले नाही. १९४९ मध्ये ते खाली ठेवले. १९५१ मध्ये ‘विल क्विनलन’ या टोपणनावाने त्यांचे एक छोटे भक्तिपर पुस्तक निघाले. बिशपने स्वतःचे नाव लपवून लिहावे यात तो माणूस थोडा कळतो.

मुंबईच्या धर्मप्रांतातून १९२९ मध्ये नाशिक वेगळे काढले गेले होते, तरी महाबळेश्वर-पाचगणीची चर्च मुंबईच्याच बिशपकडे राहिली. लॅश यांच्या कारकिर्दीत पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झांजिबारहून आलेला फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा पियानो बडवत होता. जगाने त्याला पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखले. इतिहासाला असले काही अधूनमधून सुचते.

१९६१ मध्ये लॅश निवृत्त होऊन इंग्लंडला गेले आणि ट्रुरोच्या धर्मप्रांतात साहाय्यक बिशप म्हणून बरीच वर्षे काम केले. ते १९८६ मध्ये वारले. मुंबईत त्यांच्या जागी क्रिस्टोफर रॉबिन्सन आले, म्हणजे पुन्हा इंग्रजच. व्ही. एस. अझरायांना दोर्नकलचे बिशप करून या चर्चने पहिला हिंदी बिशप १९१२ मध्येच दिला होता, हे लक्षात घेता मुंबईची ही दिरंगाई खटकते. संघाबद्दल माझी मुख्य तक्रारही हीच आहे. मराठी भक्तिपरंपरेचा एवढा ध्यास घेतलेल्या संस्थेची ठळक नावे विन्स्लो, एल्विन, रॉबर्टसन आणि लॅश. आठवले आणि हिवाळे यांचा उल्लेख त्यांच्या मागे येतो. साताऱ्यात टिळकांनी मांडलेला दरबार मराठी माणसाचा होता. पुण्यातला आश्रम मराठी वळणाचा होता. हा फरक शेवटपर्यंत बुजला नाही.

तरीही संघाने एक गोष्ट साधली. मराठी ख्रिस्ती माणसाच्या मनातली बिशपची प्रतिमा त्याने बदलली, आणि ते आपल्या भागासाठी उपयोगाचे ठरले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली, तेव्हा अँग्लिकनांबरोबर साताऱ्याचे जुने काँग्रिगेशनल आणि सांगली-मिरजेचे जुने प्रेस्बिटेरियन एका छत्राखाली आले आणि कोल्हापूर हा नव्या चर्चचा एक धर्मप्रांत झाला. ज्यांच्या पणजोबांच्या गुरूंनी बिशप नाकारले होते, त्यांनी बिशप स्वीकारला. सगळे खुशीने झाले असे नाही. मालमत्तेचे आणि अधिकाराचे तंटे झाले. पण बिशप म्हणजे महाबळेश्वरी उन्हाळा घालवणारा लाटसाहेब, ही समजूत तोवर निघून गेली होती.

पुण्याचा आश्रम पुढे ओस पडला होता. १९७२-७३ मध्ये अँग्लिकन आणि रोमन कॅथलिक धर्मभगिनींनी मिळून तो पुन्हा सुरू केला. वंदना माताजी आणि सारा ग्रँट ही त्या पर्वातली दोन ठळक नावे. दोन पंथांच्या स्त्रियांनी एकत्र चालवलेला आश्रम ही गोष्ट पामरांनाही धाडसाची वाटली असती.

संघाच्या पहिल्या पंचवीस वर्षांची हकिकत आज मुख्यतः इंग्रजांच्या आठवणींतून वाचावी लागते. सातारा, वाई, कराड, सांगली, मिरज येथल्या जुन्या ख्रिस्ती घरांत त्या काळची भजनांची वही, ‘ज्ञानोदया’चे अंक, बाप्तिस्म्याचे दाखले, आश्रमातून आलेली पत्रे किंवा एखादे छायाचित्र असेल, तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. मूळ कागद घरीच ठेवा, पण त्याची प्रत काढून, मागे नाव-गाव-साल लिहून, आपल्या मंडळीच्या पाळकांकडे द्या. पुढच्या स्मरणिकेत हा इतिहास मराठी बंधूंच्या नावांनिशी छापता यावा, यासाठी एवढी मदत कराच.